अंदाजाची चिठ्ठी

उद्यांच्या गोष्टीविषयीं आज बोलून ठेवावें आणि ती खरी ठरली म्हणजे चारचौघांत मान मिळवावा, ही हौस मनुष्याला फार जुनी आहे. परंतु असे अंदाज कागदावर उतरवून, त्यांचा चोख हिशेब ठेवून, त्यांतून एक संस्थाच उभी राहावी हें नवल घडलें तें फुटबॉलच्या खेळामुळें, आणि तेंहि विसाव्या शतकांत. दर चार वर्षांनीं येणाऱ्या जागतिक स्पर्धेच्या वेळीं कचेऱ्यांतून व घराघरांतून स्नेहीमंडळी निकालांची जी पैज मांडतात, तिचें कूळ शोधूं गेल्यास आपण इंग्लंडांतील मँचेस्टर शहरापर्यंत जाऊन पोंचतों.

इ. स. १९२३ मध्यें तेथील एका तारकंपनींतील तीन तरुण नोकरांनीं प्रत्येकीं पन्नास पौंड घालून एक धंदा काढला. मालकांना सुगावा लागूं नये म्हणून आपल्यांतील एकाच्या जुन्या आडनांवावरून त्यांनीं धंद्याला 'लिटलवुड्स' हें नांव दिलें. कल्पना साधी होती. आठवड्याच्या सामन्यांची यादी छापावयाची, लोकांनीं निकाल लिहून धाडावयाचे, आणि सर्वांच्या पैशांचा एक निधि करून, चालकांचा हिस्सा वजा जातां, तो अचूक ठरलेल्यांना वांटून द्यावयाचा. ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर ४,००० कूपनें वांटलीं गेलीं. भरून आलीं अवघीं ३५! हल शहरीं १०,००० वांटलीं. परत आलें एक! दोघे भागीदार थकून बाहेर पडले. तिसरा जॉन मूर्स मात्र त्यांचें भांडवल परत करून एकटाच टिकून राहिला, आणि दहा वर्षांच्या आंत देशांतील मोठ्या धनिकांत गणला जाऊं लागला.

यांतील एक खुबी ध्यानांत घेण्याजोगी आहे. रोख पैसे घेऊन फुटबॉलवर पैजा स्वीकारण्यास १९२० च्या कायद्यानें बंदी होती. तेव्हां चालकांनीं तोड काढली ती अशी कीं, चिठ्ठी या आठवड्यांत घ्यावयाची व पैसे सामने झाल्यावर पुढच्या आठवड्यांत. म्हणजे हरलेल्या मनुष्यानें, आपण हरलों हें ठाऊक असतांना, आपण होऊन पैसे पाठवावयाचे. लक्षावधि कामकरी कुटुंबांनीं हा शब्द पाळला म्हणूनच तो डोलारा उभा राहिला.

परंतु फुटबॉल लीगच्या चालकांना हा प्रकार रुचला नाहीं. जुगारामुळें खेळ नासेल अशी त्यांना भीति होती. आणि खेळ आमचा, कार्यक्रम आमचा, मग त्यावर पैसा दुसऱ्यांनीं कां मिळवावा, हाहि प्रश्न होता. इ. स. १९३६ च्या फेब्रुवारींत लीगनें एक अजब उपाय योजला. कोणता संघ कोणाशीं खेळणार हेंच शेवटच्या एकदोन दिवसांपर्यंत गुप्त ठेवावयाचें! यादीच नाहीं, तर कूपन कसलें छापणार? पण घाव बसला तो खेळालाच. कोणाचा सामना आहे हें ठाऊक नसल्यानें प्रेक्षक रोडावले, क्लबांनीं ओरड केली, आणि दोनतीन आठवड्यांतच लीगला माघार घ्यावी लागली. पुढें १९५९ मध्यें न्यायालयानें सामन्यांच्या यादीवरील लीगचा हक्क मान्य केला व यादी वापरण्याबद्दल कंपन्या लीगला पैसे देऊं लागल्या. बंदीनें जें साधलें नाहीं तें हिशेबानें साधलें.

इटलींत ही प्रथा आली ती युद्धाच्या राखेंतून. मास्सिमो देल्ला पेर्गोला हा यहुदी पत्रकार जीव वांचविण्यासाठीं स्वित्झर्लंडांत आश्रयाला गेला होता. तेथील छावणींत त्याला ही कल्पना सुचली. ता. ५ मे १९४६ रोजीं १२ सामन्यांचें पहिलें कूपन निघालें. दोनच वर्षांनीं सरकारनें तो धंदा आपल्या ताब्यांत घेतला व त्याला 'टोटोकाल्चो' हें नांव मिळालें. पुढें सामने १३ झाले, आणि 'तेरा जमविणें' हा इटालियन भाषेंत मोठ्या भाग्याचा वाक्प्रचारच होऊन बसला. तसें होणें साहजिकच होतें. विजय, पराजय व बरोबरी असे प्रत्येक सामन्याचे तीन निकाल धरले, तर तेरा सामन्यांच्या चिठ्ठ्या १५,९४,३२३ प्रकारांनीं भरतां येतात. आणि त्यांतील एकच खरी!

शहाण्यांचे अंदाज किती फसतात, याचा धडा १९५० च्या जागतिक स्पर्धेनें दिला. ता. २९ जूनला अमेरिकेच्या अप्रसिद्ध संघानें बलाढ्य इंग्लंडला एका गोलानें हरविलें. ता. १६ जुलैला रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. तरी युरुग्वेनें २-१ असा विजय मिळविला, आणि लक्षावधि प्रेक्षकांवर स्मशानशांतता पसरली.

याहून विलक्षण प्रसंग १९६३ चा. त्या हिंवाळ्यांत इंग्लंडांतील मैदानें गोठलीं व सामने रद्द होऊं लागले. तेव्हां २६ जानेवारीस जुन्या नामांकित खेळाडूंची एक समिति लंडनमध्यें बंद खोलींत बसली, आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल तिनें जाहीर केले. निकालावर अंदाज बांधावयाचा, तों अंदाजच निकाल होऊन बसला!

स्नेह्यांची पैज या प्रचंड व्यापाराहून निराळी असते ती एवढ्याचसाठीं कीं, तींत चालकाचा हिस्सा नसतो. जमलें तें सारें मंडळींतच परत जातें. मात्र कंपन्यांनीं ठेच खाऊन शिकलेले नियम तिलाहि लागू पडतात. चिठ्ठी सामन्यापूर्वीं हातीं आली पाहिजे. जादा वेळांतील गोल धरावयाचे कीं नाहींत, सामना रद्द झाल्यास काय करावयाचें व दोघांचे गुण सारखे झाल्यास बक्षीस कसें वांटावयाचें, हें आधीं ठरलें पाहिजे. रक्कम इतकी अल्प असावी कीं ती गेल्याचें कोणास दुःख होऊं नये. इ. स. १९३० च्या पहिल्या स्पर्धेंत १३ संघ व १८ सामने होते. २०२२ मध्यें ३२ संघ व ६४ सामने झाले. सामने वाढले तशा चुकाहि वाढल्या. आणि सर्वांचेच अंदाज चुकतात म्हणूनच या पैजेंत पंडित व पोर एका पंगतीला बसूं शकतात.