वल्हांडण आणि ईस्टर

गोव्यांतील कोंकणी बोलणारा ख्रिस्ती मनुष्य ईस्टरला 'पास्कांचें फेस्त' असें म्हणतो. हा 'पास्क' शब्द त्याच्याकडे पोर्तुगीज भाषेंतून आला. पोर्तुगीज भाषेनें तो लॅटिनपासून घेतला, लॅटिननें ग्रीकपासून, आणि ग्रीकांत तो आला यहुदी लोकांच्या 'पेसाह' या सणाच्या नांवावरून. मराठी बायबलांत याच सणाला 'वल्हांडण' म्हटलें आहे. मिसर देशाच्या दास्यांतून आपल्या पूर्वजांची सुटका झाली, याची आठवण म्हणून यहुदी लोक वल्हांडण पाळतात. येशू ख्रिस्त मरणांतून उठला, या श्रद्धेनें ख्रिस्ती लोक ईस्टर पाळतात. अर्थ निराळे, विधि निराळे, बहुधा दिवसही निराळे. परंतु नांव मात्र एकाच घरचें. नांव कायम राहिलें आणि घर तेवढें दुभंगलें, तें कसें, याचा थोडा विचार आज आपण करूं.

नवा धर्म म्हणजे एके दिवशीं दवंडी पिटून जुन्यापासून निराळा झालेला धर्म, अशी आपली सामान्यतः समजूत असते. येथें तसें मुळींच झालें नाहीं. येशू यहुदी होता. त्याचे बाराही शिष्य यहुदी होते. त्याचें शेवटचें भोजन झालें तें यरुशलेममध्यें, वल्हांडणाच्या दिवसांत. त्याच्या मागें यरुशलेममधील त्याचे अनुयायी मंदिरांत प्रार्थनेस जात, आणि येशूचा भाऊ याकोब हा त्यांचा पुढारी होता. खरा प्रश्न उत्पन्न झाला तो यहुदी नसलेले लोक या पंथांत येऊं लागले तेव्हां. त्यांनीं सुंता करून घ्यावी काय? इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेममध्यें या प्रश्नाचा खल झाला, आणि अशा लोकांवर सुंतेची सक्ति करूं नये असें ठरलें. पौल हा या मताचा मोठा पुरस्कर्ता. पुढें ग्रीक बोलणाऱ्या शहरांतून या नव्या मंडळींची संख्या वाढत गेली.

यांत राजकारणाची भर पडली. रोमच्या सत्तेविरुद्ध यहुद्यांनीं बंड केलें, आणि इ. स. ७० मध्यें टायटसच्या सैन्यानें यरुशलेमचें मंदिर जाळून टाकलें. पूर्वी यहुदी लोक जी वर्गणी आपल्या मंदिराला देत, तीच आतां रोममधील ज्युपिटरच्या देवळासाठीं कर म्हणून सरकार वसूल करूं लागलें. पुढें इ. स. १३२ ते १३५ या काळांत बार कोखबाचें बंड झालें. तें मोडल्यावर बादशहा हेड्रियननें यहुद्यांना यरुशलेममध्यें पाऊल टाकण्याची बंदी केली. ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस लिहितो कीं, तोंपर्यंत यरुशलेमचे पंधराही बिशप यहुदी वंशाचे होते. त्यानंतरचे बिशप मात्र इतर वंशांतले. यहुदी म्हणून ओळखलें जाणें हें आतां संकटाचें झालें होतें. आणि संकटाच्या वेळीं भावकीपासून दूर सरकण्याचा मोह मनुष्याला होतोच.

तथापि सामान्य माणसाचा धर्म असतो तो त्याच्या सणावारांत. म्हणून खरी ताटातूट झाली ती पंचांगावरून. तिचें गणित आपल्याला परकें वाटूं नये. यहुदी महिने चंद्राचे, वर्ष मात्र ऋतूंशीं जुळवून घेतलेलें. त्यासाठीं आपल्याप्रमाणेंच त्यांच्याकडेही अधिक मास धरतात आणि एकोणीस वर्षांत तो सात वेळां येतो. वसंतांतील निसान महिन्याच्या १४ व्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर, वल्हांडणाचें कोंकरूं मारलें जाई. आशिया मायनरमधील ख्रिस्ती लोक याच चतुर्दशीला, मग वार कोणताही असो, आपला पास्काचा सण करीत. रोममधील पद्धति निराळी. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशीं उठला, तेव्हां उपास सोडावयाचा तो रविवारींच, असें तेथील लोक म्हणत. एकाचा भर तिथीवर, दुसऱ्याचा वारावर.

या वादांतील एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. इ. स. १५५ च्या सुमारास स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला. तेथील बिशप अनिसेटस याच्याशीं त्याचें या सणाबद्दल बोलणें झालें. पॉलिकार्प म्हणे, आम्हीं प्रेषितांच्या सहवासांत हेंच पाहिलें, तें सोडावयाचें कसें? अनिसेटस म्हणे, माझ्या आधींच्या वडीलधाऱ्यांनीं जें चालविलें, तें मीं मोडावें कसें? कोणीही कोणाचें मन वळवूं शकला नाहीं. शेवटीं अनिसेटसनें काय केलें? आपल्या मंडळींत प्रभुभोजनाचा विधि चालविण्याचा मान त्यानें पॉलिकार्पला दिला. मत जुळलें नाहीं. पंगत मात्र मोडली नाहीं.

चाळीस वर्षेंही झालीं नाहींत तोंच हा सूर बदलला. इ. स. १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर यानें चतुर्दशी पाळणाऱ्या आशियाच्या मंडळींना वाळींत टाकण्याचें मनांत आणलें. इफिसचा बिशप पॉलिक्रेटीस यानें आपल्या वाडवडिलांचीं नांवें एकामागून एक सांगून, आपण मागें हटणार नाहीं, असें त्याला कळविलें. तेव्हां मध्यें पडला लियों शहराचा बिशप आयरेनियस. लहानपणीं त्यानें पॉलिकार्पचीं प्रवचनें ऐकलीं होतीं. त्यानें व्हिक्टरला पत्र लिहून पॉलिकार्प व अनिसेटस यांच्या त्या भेटीची आठवण करून दिली. ही हकीगत आपल्यापर्यंत आली ती या पत्रामुळें; युसेबियसनें तें आपल्या इतिहासांत उतरून ठेवलें आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. तिथि एक असली म्हणजे मनेंही एक असतात, असें नाहीं. सार्दीसचा बिशप मेलिटो हा चतुर्दशीच पाळणारा. परंतु पास्कावरील त्याच्या प्रवचनांत येशूच्या वधाचा सारा दोष इस्रायलवर ठेवून त्यानें फार कठोर शब्द काढले आहेत. हें प्रवचन शतकानुशतकें लुप्त होतें. १९४० साली तें प्रथम छापून प्रसिद्ध झालें. रोमन अधिकारी पिलात यानें रोमन पद्धतीची शिक्षा दिली, ही गोष्ट बाजूला पडली, आणि एका समाजाला पिढ्यान् पिढ्या पुरेल असा कलंक तयार झाला.

मग बादशहाच ख्रिस्ती धर्माचा कैवारी झाला. इ. स. ३२१ मध्यें कॉन्स्टन्टाइननें कायदा करून रविवारीं न्यायालयें व शहरांतील धंदे बंद ठेवण्यास सांगितलें. शेतकऱ्यांना मात्र सूट दिली. इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें बिशपांची मोठी परिषद भरली आणि सर्वांनीं हा सण एकाच रविवारीं करावा असें ठरलें. त्या काळीं सिरियाकडील कित्येक ख्रिस्ती मंडळी, यहुदी शेजाऱ्यांचा वल्हांडण केव्हां आहे तें पाहून त्यावरून आपला रविवार धरीत. परिषदेनंतर कॉन्स्टन्टाइननें मंडळींना जें पत्र पाठविलें, त्यांत गणिताची तक्रार आहेच. परंतु यहुद्यांच्या मागून जाणें आपल्याला शोभत नाहीं, त्यांच्याशीं आपला कांहीं संबंध नको, हा त्याचा मुख्य सूर आहे. अनिसेटस आणि पॉलिकार्प यांचा वाद होता तो वाडवडिलांची परंपरा राखण्याचा. कॉन्स्टन्टाइनच्या पत्रांत शेजाऱ्याचा तिटकारा हेंच एक कारण होऊन बसलें.

शाळेंत इतिहास शिकवितांना मी मुलांना नेहमीं सांगत असें कीं, जुनी मनाई वाचली म्हणजे तिच्या मागें कोणती रीत चालू होती तें ओळखावें. कारण कोणी करीतच नाहीं, त्या गोष्टीला मनाई कोण करतो? चौथ्या शतकांतील लावदिकिया येथील धर्मसभेचे नियम या दृष्टीनें पाहावेत. ख्रिस्ती मनुष्यानें शब्बाथच्या दिवशीं विसांवा घेऊं नये, काम करावें. यहुद्यांकडून सणाचा वाटा घेऊं नये. त्यांच्याकडची बेखमीर भाकर घेऊं नये. म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर तीनशें वर्षें लोटलीं, तरी शेजारणी शेजारणींकडे सणाचा वाटा पोंचवीत होत्या, आणि कांहीं ख्रिस्ती घरें शनिवारही पाळीत होतीं! विसांव्याच्या दिवसावरून मनुष्य कसा ओळखला जातो, हें आपल्या कोंकणांतही दिसून आलें आहे. तेथील बेने इस्रायल तेलाचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून गांवानें त्यांना 'शनवार तेली' हें नांव दिलें. लावदिकियाच्या सभेला नेमकी अशी ओळखण्याजोगी खूण आपल्या लोकांत नको होती.

अंतुखिया शहरांतही तोच प्रकार. इ. स. ३८६ व ३८७ मध्यें योहान क्रिसोस्टोम या विख्यात वक्त्यानें तेथें आठ प्रवचनें केलीं, तीं याच विषयावर. त्याची तक्रार अशी कीं, आपले लोक यहुद्यांचे कर्णे ऐकावयास जातात, त्यांच्या उपासांत व मंडपांच्या सणांत भाग घेतात, दुखणें बरें व्हावें म्हणून त्यांच्याकडे धांवतात, आणि सभास्थानांत घेतलेली शपथ अधिक कडक असते असें मानतात. त्यानें वापरलेली भाषा येथें उच्चारण्याजोगी नाहीं. तिचा उद्देश आपल्याच मंडळींतील लोकांना आवरण्याचा होता; पण बोललेला शब्द उद्देशापाशीं थांबत नाहीं. मध्ययुगांत युरोपांतील अनेक शहरीं ईस्टरच्या आधींचा आठवडा यहुदी वस्तीला भीतीचा जाई, आणि त्यावेळीं हाच जुना कलंक लोकांच्या तोंडीं असे. विसाव्या शतकांत युरोपांत लक्षावधि यहुद्यांचा संहार झाला, त्याला दुसरींही कारणें होतीं; परंतु ही जमीन फार पूर्वीपासून नांगरलेली होती, हें नाकारतां येत नाहीं. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं रोमन कॅथलिक धर्मपीठाच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें जाहीर केलें कीं, येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर अथवा आजच्या यहुद्यांवर ठेवतां येत नाहीं. हें एवढें वाक्य निघावयास जवळ जवळ अठराशें वर्षें लागलीं.

आणि पंचांगाचें काय झालें? नायसियानें ठरविलेली एकीही टिकली नाहीं. १५८२ मध्यें पोप ग्रेगरीनें पंचांग सुधारलें. पूर्वेकडील बहुतेक ख्रिस्ती मंडळी या सणासाठीं जुनेंच गणित धरून राहिल्या, आणि आजही दोघांचे ईस्टर पुष्कळदां वेगळ्या रविवारीं येतात. तरीही दोन्ही गणितांत वसंतांतली ती जुनी पौर्णिमा आहेच. चंद्राला कोणी वाळींत टाकूं शकलें नाहीं.

धर्म वेगळे होतात, व्हावेतही. प्रत्येकाला आपल्या श्रद्धेप्रमाणें सण करण्याचा अधिकार आहे. पॉलिकार्प व अनिसेटस हे दोघेही ख्रिस्तीच होते; यहुदी शेजाऱ्यापर्यंत ती दिलदारी पोंचली असती, तर पुढील इतिहास निराळा झाला असता. लावदिकियाच्या त्या अनाम शेजारणींना हें शास्त्र ठाऊक नव्हतें. त्या आपल्या भाकरीचा वाटा शेजारीं पोंचवीत राहिल्या. इतिहासांत त्यांचें नांव नाहीं, फक्त त्यांना केलेली मनाई उरली आहे. ईस्टरला कोणी 'पास्कांचें फेस्त' म्हणतांना आपल्या कानीं पडलें, तर त्या शब्दामागें ही दुभंगलेली पंगत आहे, एवढें आपण मनांत ठेवावें.