पेनिसिलीनला दाद न देणारे जंतू

“पेनिसिलीन आता पूर्वीसारखे लागू पडत नाही, शरीराला त्याची सवय झाली,” असे चावडीवर आणि शाळेतही आपण ऐकतो. मंडळी, सवय शरीराला होत नाही बरं का! मग होते काय, ते एका इस्पितळाच्या हकिकतीवरून पाहू.

लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात मेरी बार्बर नावाच्या जंतुशास्त्रज्ञ बाई काम करीत. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर द्राक्षांच्या घोसासारखा दिसतो. १९४१ साली ऑक्सफर्डला रोग्यांना पेनिसिलीन देऊ लागले, तेव्हा हे जंतू बहुधा त्यापुढे टिकत नसत. महायुद्ध संपले, औषध मुबलक झाले. १९४६ साली बार्बरबाईंनी आपल्या इस्पितळातले हे जंतू तपासले. शंभरांतले सुमारे १४ पेनिसिलीनला दाद देत नव्हते. १९४७ साली ३८ झाले, १९४८ साली ५९. अवघ्या दोन वर्षांत!

ज्याच्या त्याच्या अंगात औषध घेता घेता जंतू निगरगट्ट झाला, असे म्हणावे का? बाईंना ते पटले नाही. प्रयोगशाळेत थोडे थोडे पेनिसिलीन देऊन मुद्दाम निगरगट्ट केलेले जंतू वेगळे निघाले. इस्पितळातल्या जंतूंजवळ मात्र पेनिसिलीन फोडून निकामी करणारे एक द्रव्य होते. जंतू असे द्रव्य बनवतात, हे अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी १९४० सालीच, म्हणजे रोग्याला औषध मिळण्याआधी, प्रसिद्ध केले होते.

अवर्षणात जोंधळा करपतो, पण हरळी तग धरते. मग पाऊस पडला की सारे रान हरळीचेच. वॉर्डात हेच घडले. औषधाने साधे जंतू मेले, मोकळी जागा या थोड्यांना मिळाली. पुढे एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर त्यांना नेले कोणी? माणसांच्या हातांनी. हा जंतू धडधाकट माणसाच्या नाकातही सुखाने राहतो, त्यामुळे डॉक्टर आणि परिचारिका यांनाही पत्ता नसतो. बाळंतिणीला भेटायला जाऊन खाटेवर ऐसपैस बसणारे, बाळाचे गाल कुरवाळणारे आपणही त्यांतलेच!

त्या द्रव्याने न फुटणारे मेथिसिलीन हे औषध निघाले, तर १९६१ साली त्यालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडातच आढळले. असे जंतू एम.आर.एस.ए. या नावाने आजही आपल्याकडच्या इस्पितळांना छळतात.

पण दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १९५८च्या सुमारास हॅमरस्मिथमध्ये बार्बरबाई आणि त्यांचे सहकारी यांनी पेनिसिलीनचा वापर आखडता घेतला. बाकीची जंतुनाशके शक्यतो दोन दोन जोडीने देण्याचा शिरस्ता पाडला. औषध हाताशी असून न देणे डॉक्टरांना सोपे गेले नसेल. १९६० साली निष्कर्ष छापून आले. दाद न देणाऱ्या जंतूंचे प्रमाण त्या इस्पितळात उतरले होते.