हटकर नाईकांचा मुलूख आणि एका फौजेची किंमत

१/ हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा आज शेतीचे गाव म्हणून ओळखले जाते. दोनशे वर्षांपूर्वी मात्र गोदावरी आणि पैनगंगा यांच्यामधला हा सारा प्रदेश हटकर नाईकांच्या दबदब्याखाली होता. त्या नाईकांचा पाडाव कसा झाला आणि त्याची किंमत पुढे कोणी मोजली, त्याचा हा वृत्तान्त.

२/ हटकर हे धनगर समाजातील लढवय्ये. मेंढरांचे कळप हे त्यांचे धन आणि भाला हे त्या धनाचे कुंपण. वऱ्हाडच्या जुन्या गॅझेटियरांत त्यांची एक रीत नोंदलेली आहे : रणात किंवा शिकारीत पडलेल्या हटकराला अग्नी द्यावा, अन्यथा मृत्यू आल्यास पुरावे. मरणातही शौर्याची प्रत लावणारा हा समाज होता.

३/ कळपांचा धनी हळूहळू माणसांचाही धनी झाला. ज्याच्याजवळ पदरी शिबंदी, त्याच्याकडे गावांचे हक्क आणि वाटांची राखण. अठराव्या शतकात शेजारच्या वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले दोघांचाही हात होता. दोन सत्तांच्या सांध्यावर नाईकांना वाढण्यास वाव मिळाला.

४/ १८०३ च्या देवगावच्या तहाने तो सांधा बुजला. भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडले आणि ते निजामाकडे आले. निजाम स्वतः तैनाती फौजेच्या कराराने इंग्रजांशी बांधलेला होता. आता नाईकांसमोर एकच सत्ता उरली, आणि तिच्या पाठीशी कंपनी.

५/ हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या खर्चाने कवायती पलटणी उभारल्या. रसेल ब्रिगेड ती हीच. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून.

६/ या फौजेला सर्वांत चिवट झुंज दिली ती नोवसाजी नाईक यांनी. १८१७-१८ च्या युद्धात पेशवे आणि भोसले यांचा पाडाव झाल्याने अरब शिपाई दख्खनभर बेरोजगार हिंडत होते. नोवसाजींच्या नोव्हा येथील किल्ल्याची भिस्त अशाच अरबांवर होती.

७/ जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या फौजेने नोव्ह्याला वेढा घातला. तोफांचा मारा झाला, मोर्चे तटाच्या जवळ सरकत गेले आणि महिनाअखेर हल्ला करून किल्ला घेण्यात आला. अरबांनी शिकस्त केली. शिबंदीपैकी बहुतेकजण तटाच्या आतच पडले. १८२० च्या सुमारास हटकरांचे बंड शमले.

८/ हिंगोली याच फौजेची छावणी बनली आणि १९०३ पर्यंत छावणीच राहिली. कळपांच्या मुलखात आता बिगुलाच्या वेळा पाळल्या जाऊ लागल्या.

९/ पण फौजेचा पगार थकत गेला. आधी पामर आणि कंपनी या सावकारी पेढीचे जबर व्याज, नंतर खुद्द ईस्ट इंडिया कंपनीचे कर्ज. अखेर २१ मे १८५३ रोजी डलहौसीच्या दबावाखाली निजामाला तह करावा लागला आणि कंटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. नाईकांना मोडण्यासाठी वापरलेल्या फौजेनेच धन्याचा सुपीक सुभा गिळला. पैनगंगा सरहद्द ठरली : अलीकडचे हटकर निजामाचे, पलीकडचे इंग्रजांचे.

१०/ कंटिंजंटच्या पायदळाची १९२२ मध्ये १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिलाच कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. तिच्या जुन्या युद्धसन्मानांच्या यादीत महिदपूरच्या शेजारी ‘नोवा’ हा शब्द आहे. जिंकणाऱ्यांनी आपला पराक्रम असा जपून ठेवला. हरलेल्यांच्या बाजूने लिहिणारा कारकून नव्हता, त्यामुळे नोवसाजी नाईकांचा किल्लाही आज ओळखावा लागतो तो शत्रूच्या सन्मानपटावरून.