बाळू पालवणकर : पराक्रम आणि मान

खेळावर उपजीविका करणाऱ्या माणसाची कीर्ति धांवा आणि बळी यांच्या आंकड्यांत मोजण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या समाजानें त्याच्या गुणांचा लाभ घेतला, त्यानें त्याला कोणत्या पंक्तीस बसविलें, हें पाहिल्याखेरीज त्याचें चरित्र पुरें होत नाहीं. क्रिकेटच्या नोंदींत पी. बाळू या नांवानें आढळणारे बाळू पालवणकर यांची हकीकत या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे.

बाळूंचा जन्म १८७६ सालीं धारवाडास एका चर्मकार कुटुंबांत झाला. घराणें मूळचें कोंकणांतलें. वडील लष्कराच्या चाकरींत. बालपण पुण्यास गेलें. क्रिकेटच्या क्लबाशीं त्यांचा संबंध आला तो चाकरीच्या नात्यानें. पारशांच्या क्लबाचें मैदान झाडावें, खेळपट्टीवर रूळ फिरवावा, आणि दरमहा ३ रुपये घ्यावे! पुढें १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबांत ४ रुपयांवर गेले. तेथें ग्रेग या नामांकित फलंदाजाच्या सरावासाठीं ते तासच्या तास चेंडू टाकीत. डाव्या हाताची त्यांची संथ, फसवी गोलंदाजी अशी घडली. मात्र बॅट साहेबाच्या हातीं आणि चेंडू चाकराच्या हातीं, ही वांटणी तेथें कधीं बदलली नाहीं.

पुण्याच्या हिंदु खेळाडूंना गोऱ्यांवर जय हवा होता, आणि तो बाळूंवांचून मिळणारा नव्हता. बराच वाद होऊन त्यांना संघांत घेण्यांत आलें. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सारे घेत. चहाच्या वेळीं मात्र त्यांना बाहेर निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे, आणि जेवणाचें पानही वेगळें मांडलें जाई. चेंडूला जो विटाळ नव्हता, तो पेल्याला होता!

प्लेगाच्या सांथीनंतर बाळू मुंबईस आले. रेल्वेंत नोकरी धरून ते हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धांवांनीं हरविलें. हिंदूंच्या २४२ व १६० धांवांस युरोपियनांना १९१ व १०२ एवढेंच उत्तर देतां आलें. दोन्ही डावांत मिळून बाळूंनीं ८ गडी बाद केले होते.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. २३ सामन्यांपैकीं १५ सामने तो हरला. पस्तिशींतल्या बाळूंनीं मात्र त्या दौऱ्यांत ११४ बळी मिळविले. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावांत तर १०३ धांवांत ८.

एवढ्या पराक्रमानंतर हिंदु संघाचें कप्तानपद त्यांच्याकडे यावयास हवें होतें. खुद्द कप्तान एम. डी. पै यांनीं १९१३ सालीं तसें मोकळेपणानें बोलून दाखविलें. तरीही तें पद बाळूंस मिळालें नाहीं. १९२० सालीं धाकटे बंधु शिवराम व विठ्ठल यांनीं निषेध म्हणून संघांतून अंग काढून घेतलें. तेव्हां कोठें बाळूंना उपकप्तान नेमण्यांत आलें. १९२३ सालीं विठ्ठल कप्तान झाले आणि त्यांच्या संघानें युरोपियनांस नमविलें. वडील भावाचें देणें धाकट्याच्या हातीं पडलें.

तरुण आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान वाटे. पुढें स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर दोघांचे मार्ग निराळे झाले, आणि १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसचे उमेदवार म्हणून बाळू डॉ. आंबेडकरांसमोर उभे राहिले. सुमारें दोन हजार मतांनीं ते हरले.

४ जुलै १९५५ रोजीं बाळू निवर्तले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आणि दर बळीस सरासरी सुमारें १५ धांवा, एवढी नोंद मागें राहिली. कप्तानपदाचा मान मात्र तींत कोठें नाहीं. तो कां दिला गेला नाहीं, याचा जाब निवड करणारांनीं आणि त्यांच्या पाठीशीं उभ्या असलेल्या समाजानें द्यावयाचा आहे.