कोळ्याच्या फोनपासून दुकानाच्या ॲपपर्यंत : गिऱ्हाईक कोणाचं?



आजचा विषय कळल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता ॲपशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. ॲप कसं तयार करतात ते मला येत नाही. पण आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून आमचं खातं तिथं आहे, लाल कापडी बांधणीच्या वहीत. दोनेक वर्षांपूर्वी तो घरपोच माल पोचवणाऱ्या एका ॲपवर गेला. विक्री वाढली. तरी एक दिवस म्हणाला, "सर, गिऱ्हाईक रोज येतं, पण कोण येतं तेच कळत नाही." ऑर्डर येते, नाव अर्धंमुर्धं, फोन नंबर झाकलेला. माल जातो, माणूस दिसत नाही. या तक्रारीमागे पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास आहे, तो आज बघू.

सुरुवात केरळच्या किनाऱ्यावरून करतो. १४ जानेवारी १९९७ ची सकाळ. वडकरा इथं ११ कोळ्यांच्या मासळीला गिऱ्हाईक मिळालं नाही, त्यांना ती टाकून द्यावी लागली. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, दैवदुर्विलासच. त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आतल्या बाजारांत २७ खरेदीदार रिकाम्या हातानं परतायच्या बेतात होते. मासळी होती, पैसा होता, फक्त एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. ही नोंद रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे.

त्याच वर्षापासून त्या पट्ट्यात टप्प्याटप्प्यानं मोबाइल आला. टॉवर किनाऱ्यालगत, त्यामुळे वीस-पंचवीस किलोमीटर आत समुद्रातही फोन लागायचा. कोळी होडीतूनच दोन-चार बाजारांत भाव विचारायचे आणि जिथं भाव चांगला तिथं होडी वळवायचे. जेन्सनच्या हिशेबानं कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. आधी ५ ते ८ टक्के मासळी वाया जायची, ते जवळजवळ थांबलं.

इथं ॲप नव्हतं, इंटरनेट नव्हतं. साधा बोलायचा फोन! टेलिफोन कंपनी मिनिटाचे पैसे घ्यायची, आणि ते महागही होते. पण कोळ्यानं कोणाशी काय बोललं, मासळी काय भावानं विकली, यात कंपनीचा वाटा नव्हता. बोलणं संपलं की कंपनीचा संबंध संपला. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण परत इथं येणार आहोत.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्यानं होडी-जाळ्यासाठी दलालाकडून उचल घेतलेली असते, त्याला चार ठिकाणचे भाव कळून उपयोग काय? मासळी त्याच दलालाकडे न्यावी लागते. म्हणजे नुसती माहिती मिळाल्यानं माणूस मोकळा होत नाही.

आपल्या देशातली मोबाइलची पहिली जाहीर हाक ३१ जुलै १९९५ ची. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला. तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. ते २००३ साली थांबलं, आणि मग फोन खऱ्या अर्थानं सुतार, रंगारी, प्लंबर, रिक्षावाला यांच्या खिशात आला. दुकान नसलेल्या माणसाला नंबर हेच दुकान झालं. आणि आपल्या लोकांचं डोकं बघा, मिस्ड कॉल! दूधवाल्याची एक रिंग म्हणजे "खाली आलोय". कंपनीला दमडी न देता निरोप पोचला. ही युक्ती कोणा इंजिनिअरनं शोधली नाही, गरजवंतांनी शोधली.

वळण येतं २००८ साली. ॲपलचा आयफोन आदल्या वर्षी आला होता, पण त्यात बाहेरच्यांना स्वतःची ॲप घालायची मुभा नव्हती. १० जुलै २००८ ला ॲप स्टोअर उघडलं, सुमारे ५०० ॲप घेऊन. नियम असा की ॲप विकलं गेलं तर करणाऱ्याला ७० टक्के, ॲपलला ३० टक्के. शिवाय कोणतं ॲप आत घ्यायचं हे ॲपल ठरवणार. त्याच वर्षी गूगलनंही अँड्रॉइडसाठी आपला बाजार उघडला.

मार्केट यार्डात ज्यांनी माल नेलाय त्यांना हे नवं वाटणार नाही. ही अडत आहे. आता अडत्याला नुसती शिवी देऊन चालणार नाही. तो गिऱ्हाईक आणतो, पैशाची हमी घेतो, अडीनडीला उचल देतो. ॲपही गिऱ्हाईक आणतं, पैसे वसूल करून देतं. फरक असा की यार्डात खरेदीदार समोर उभा असायचा. इथं अडत्याच दोघांना ओळखतो, ते दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. कोण, काय, कधी, कितीला घेतं, ही सगळी वही त्याच्याकडे.

पण हे असंच व्हायला हवं, असा काही निसर्गनियम नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे यूपीआय सुरू झालं. कुठल्याही बँकेतून कुठल्याही बँकेत, ॲप कोणतंही असो. तुमचं ॲप एक, भाजीवाल्याचं दुसरं, तरी पैसे पोचतात. म्हणजे रस्ता सामायिक ठेवला आणि गाड्या ज्याच्या त्याच्या. याउलट ॲपच्या बाजारात फाटकच खासगी. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला प्ले स्टोअरवरच्या पैसे घेण्याच्या सक्तीबद्दल ९३६ कोटींचा दंड केला, तो वाद याच फाटकाचा. रस्ता सामायिक की खासगी, हे तंत्रज्ञान ठरवत नाही, माणसं ठरवतात. तत्त्वज्ञानाच्या मास्तरला या विषयात बोलायची जागा आहे ती इथं.

तेव्हा तुमच्यापैकी जे धंद्यासाठी ॲप करून घेणार आहेत किंवा दुसऱ्याच्या ॲपवर जाणार आहेत, त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर माझ्याकडे राहणार का? उद्या अडत वाढवली तर मी बाहेर पडू शकेन का? आणि बाहेर पडताना माझी वही मला परत मिळेल का?

आमच्या दुकानदारानं ॲप सोडलेलं नाही, ते त्याला परवडणारं नाही. पण जुन्या गिऱ्हाइकांची यादी त्यानं स्वतःच्या फोनमध्ये करायला घेतली आहे. परवा मला म्हणाला, "सर, तुमचा नंबर सांगा." मी म्हटलं, "अरे, तीस वर्षं खातं आहे आपलं!" तो म्हणाला, "खातं आहे हो, नंबर कधी लागलाच नव्हता."