गोशाळेतून गोशाळेत जनावरं नेताना : गाडीत किती, कागद कोणते आणि कुठलं जनावर हलवायचंच नाही

फाल्गुन संपत आला की गोशाळांमधल्या कडब्याच्या गंजी खाली बसायला लागतात. पेंढी महाग होते, पाण्याच्या टँकरचा भरवसा राहत नाही. मग एका गोशाळेतली पंचवीस-तीस जनावरं दुसऱ्या तालुक्यातल्या गोशाळेत किंवा पांजरपोळात पाठवायचं ठरतं. बोलणं फोनवर होतं, गाडी गावातलीच मिळते, आणि गार हवेत निघावं म्हणून रात्री जेवणं उरकून जनावरं भरली जातात. हेतू चांगलाच असतो. पण नाक्यावर गाडी अडली की पोलीस आधी कागद मागतात, आणि मग टॉर्च मारून आतली डोकी मोजतात.

‘गोशाळेचं काम आहे’ एवढ्यावर सुटका होत नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० आणि त्याखालचे प्राणी वाहतूक नियम १९७८ हे व्यापारी, शेतकरी आणि गोशाळा सगळ्यांना सारखेच लागू आहेत. जनावराला विनाकारण वेदना होईल अशा रीतीने वाहून नेणं हा कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. जनावर कत्तलीला चाललंय की चारा खायला, याचा त्या कलमाशी संबंध नाही.

गाडीत किती जनावरं?

नियम ५६ सांगतो की एका मालगाडीत, म्हणजे ट्रकमध्ये, सहापेक्षा जास्त गुरं नेता येत नाहीत. ट्रक बावीस फुटी असला तरी सहाच. आणि नियम ५० प्रमाणे प्रत्येक गुराला सरासरी किमान २ चौरस मीटर जागा लागते. आपल्या हिशोबात ही जागा साडेएकवीस चौरस फूट होते.

हा हिशोब निघायच्या आधी टेप लावून करावा. छोटा हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद, म्हणजे पस्तीस चौरस फूट. त्यात एकच जनावर बसतं. पिकअपचा हौदा साधारण नऊ बाय साडेपाच, म्हणजे पन्नास फुटाच्या आसपास, त्यात दोन. चौदा फुटी आयशरमध्ये चार, सतरा फुटीमध्ये पाच. सहा जनावरं न्यायची तर एकोणीस-वीस फुटी गाडी हवी. पिकअपमध्ये पाच-सहा गाई उभ्या करून नेणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण ते नियमाच्या अडीच-तीन पट आहे. वळणावर एक गाय बसली की बाकीच्या तिच्या अंगावर पाय देतात आणि ती परत उठत नाही. नियमातला २ मीटरचा आकडा यासाठी आहे.

यावर आणखी एक नियम आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५-ई प्रमाणे १ जानेवारी २०१६ पासून जनावरं नेणाऱ्या गाडीत कायमचे कप्पे हवेत आणि प्रत्येक जनावर आपल्या कप्प्यात वेगळं हवं. गाय-म्हशीला २ चौरस मीटरचा कप्पा, घोड्याला २.२५, डुकराला ०.६ आणि शेळी-मेंढीला ०.३. अशा गाडीला आरटीओकडून जनावरं वाहण्याचा विशेष परवाना घ्यावा लागतो आणि त्या गाडीतून दुसरा माल नेता येत नाही. अशी गाडी तालुक्याला शोधावी लागते, ही अडचण खरी आहे. तरी गोशाळांनी मिळून एखादी गाडी कप्पे करून घेतली आणि चार-पाच संस्थांनी ती आळीपाळीने वापरली, तर दरवर्षीची धावपळ वाचेल.

आता पंचवीस जनावरांचं गणित मांडा. एका गाडीत सहा, म्हणजे मोठ्या गाडीच्या पाच खेपा. भाडं ऐकूनच अनेक जण एका ट्रकमध्ये पंधरा भरतात आणि तिथेच फसतात.

हलवायचं नाही अशी जनावरं

खरी गोम इथे आहे. नियम ९८ प्रमाणे आजारी, आंधळं, खंगलेलं, लंगडं, थकलेलं आणि नुकतं जन्मलेलं जनावर वाहतुकीला अपात्र आहे. व्यायल्याला ७२ तास झाले नसतील किंवा वाटेत विण्याची शक्यता असेल ती गायही नेता येत नाही. आणि गोशाळा-पांजरपोळात जनावरं असतात ती कसली? भाकड, म्हातारी, पाय मोडलेली, हाडं वर आलेली. म्हणजे टंचाईत ज्यांचे हाल सगळ्यात आधी होतात, नेमकी तीच कायद्याने गाडीत चढवता येत नाहीत.

वरवर हा नियम उलटा वाटतो, पण तसा तो नाही. खंगलेली गाय शंभर किलोमीटर उभी राहू शकत नाही. ती गाडीत बसते आणि पुढच्या गोशाळेत उतरवताना तिला ओढूनच काढावं लागतं. म्हणून स्थलांतर ठरवताना उलटा विचार करावा : धट्टीकट्टी जनावरं बाहेर पाठवावीत आणि अशक्त जनावरांना जागेवर ठेवून त्यांच्यासाठी वैरण आणावी. तीनशे किलोच्या गाईला दिवसाला साधारण सात किलो सुका चारा लागतो. अशा दहा गाईंना महिन्याला दोन-सव्वादोन टन. हे आयशरच्या एक-दोन खेपांचं काम आहे. कडब्याच्या गाडीला ना डॉक्टरचा दाखला लागतो, ना कप्पे.

उपचारासाठी आजारी जनावर नेण्याला मुभा आहे, पण ते इतर जनावरांत मिसळायचं नाही, वेगळं न्यायचं. त्याआधी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक गोशाळेतच येतं का ते विचारावं. गाभण गाई आणि लहान वासरं बाकीच्यांत मिसळायची नाहीत. मारकं जनावर असेल तर चढवण्याआधी डॉक्टरकडून गुंगीचं औषध द्यावं, असंही नियमात आहे. शिवाय निदान आठवडाभर एकत्र राहिलेली जनावरंच एका गाडीत घालावीत. अनोळखी बैल शेजारी उभे केले की काय होतं ते बाजारकरी माणसाला सांगायला नको.

कागद कोणते?

पहिला कागद डॉक्टरचा. नियम ४७ प्रमाणे प्रत्येक खेपेबरोबर पशुवैद्यकाचा दाखला लागतो. जनावरं प्रवासाला योग्य आहेत, संसर्गजन्य रोग नाही आणि लसीकरण झालंय, असं त्यात लिहिलेलं असतं. दाखला नसेल तर गाडीवाल्याने जनावरं घ्यायला नकार द्यायचा, असं नियमच म्हणतो. नियमात अजून बुळकांडीच्या लसीचं नाव आहे. तो रोग जगातून संपल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं, पण कागदावर तो राहिलाय. आता बघायचं ते लाळ-खुरकूत, घटसर्प आणि लम्पीचं.

इथे एक चूक वारंवार होते. गावातल्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक भेटतात, ओळखीचे असतात, आणि सही त्यांचीच घेतली जाते. पण भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ प्रमाणे कायद्याने लागणारा दाखला फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकच सही करू शकतो. म्हणजे पदवीधर डॉक्टर, आपल्याकडे पशुधन विकास अधिकारी. पर्यवेक्षकाची सही नाक्यावर आणि पुढे न्यायालयात टिकत नाही. जनावर न बघता टेबलावर बसून दिलेला दाखलाही धोक्याचाच, कारण त्यावरचा वर्ग, रंग, शिंगं आणि गाडीतलं जनावर जुळलं नाही तर दाखला असून नसल्यासारखा.

दुसरा कागद नियम ९६ चा. २००१ च्या दुरुस्तीने आलेला हा दाखला सांगतो की वाहतूक सगळे केंद्राचे आणि राज्याचे कायदे पाळून होतेय आणि बेकायदा कामासाठी नाही. केंद्र सरकारने किंवा भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने अधिकार दिलेला अधिकारी, व्यक्ती किंवा संस्थाच तो देऊ शकते. आपल्या जिल्ह्यात तो कोण देतं, हे जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात आठ दिवस आधी विचारून घ्यावं. आदल्या रात्री धावपळ करून तो मिळत नाही.

तिसरी गोष्ट इअर टॅग. कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला नसेल तर राज्यात १ जून २०२४ पासून जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. टॅगचे आकडे डॉक्टरच्या दाखल्यावर लिहून घ्यावेत.

याशिवाय गाडीवर ठळक लाल अक्षरांत चिठ्ठी हवी : पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, जनावरं किती नि कुठली, बरोबर चारा किती. ज्या गोशाळेत चाललोय तिला आधी कळवणंही नियमात आहे. त्यासाठी त्या गोशाळेचं लेटरहेडवरचं पत्र बरोबर ठेवलं तर वाटेत निम्मे प्रश्न मिटतात. दोन्ही संस्थांच्या नोंदणीची झेरॉक्सही असावी.

कर्नाटक किंवा गोव्याच्या हद्दीत जायचं असेल तर तिथले नियम वेगळे आहेत, त्या राज्याची परवानगी आधी बघावी. लम्पीसारखी साथ असेल आणि भाग नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला असेल, जसं २०२२ च्या सप्टेंबरात सगळ्या राज्याचं झालं होतं, तर वाहतुकीवरची बंधनं उठेपर्यंत थांबावंच लागतं.

चढवताना आणि रस्त्यात

बांधाला गाडी लावून फळीवरून जनावर चढवायची आपली पद्धत वाईट नाही, फक्त फळी हलता कामा नये आणि घसरता कामा नये. शेपूट पिरगाळून, डोळ्यात तिखट घालून चढवण्याचे प्रकार होतात, ते सरळ गुन्ह्यात जातात. हौद्यात काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या अंथराव्यात, कारण पत्र्यावर शेण-मूत पडलं की खूर टिकत नाही. फाळका बुटका असेल तर वाढवून घ्यावा. जनावराचं तोंड शक्यतो इंजिनकडे असावं. भरायच्या आधी वैरण-पाणी पाजून घ्यावं, वाटेत पुरेल एवढा चारा नि पाणी गाडीत ठेवावं, प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. गाडीत ड्रायव्हरशिवाय जनावरांचा एक माणूस असलाच पाहिजे. आणि त्याच गाडीत कोपऱ्यात खताची पोती टाकायची नाहीत.

शेळ्या-मेंढ्यांचं मोजमाप निराळं आहे, साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये चाळीसपर्यंत. चालवत न्यायचं ठरलं तरी नियम सुटत नाहीत, सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यावर जनावरं पायी नेता येत नाहीत.

गाडी अडवली तर

क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे जनावर ताब्यात घेण्याचा अधिकार शिपायापेक्षा वरच्या दर्जाच्या पोलिसाला किंवा राज्य सरकारने नेमलेल्या माणसाला आहे. महाराष्ट्राच्या पशुसंरक्षण कायद्याखाली गाडी थांबवून झडती घ्यायला निदान उपनिरीक्षक लागतो. रस्त्यात जमलेल्या पोरांना गाडी ताब्यात घ्यायचा, कागद काढून घ्यायचा किंवा ड्रायव्हरवर हात टाकायचा अधिकार कुठल्याच कायद्यात नाही. त्यांना संशय असेल तर त्यांनी पोलिसांना फोन करावा. ड्रायव्हरनेही वाद न घालता ११२ ला फोन लावावा, गाडी उजेडात किंवा पोलीस ठाण्याजवळ उभी करावी, मूळ कागद पोलिसांच्याच हातात द्यावेत आणि त्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवावेत. रात्रीपेक्षा पहाटे उजाडताना निघालेलं बरं, ते यासाठीही.

क्लेश कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड ऐकला तर हसू येतं, १० ते ५० रुपये. १९६० साली त्याला किंमत होती. पण खरा फटका दुसरीकडे बसतो. २०१७ च्या मुद्देमाल जनावरांच्या नियमांप्रमाणे गाडी तारण म्हणून अडकते, आणि जप्त जनावरांचा चारा, औषध, वाहतूक यांचा खर्च गाडीमालक, पाठवणारा आणि घेणारा या सगळ्यांकडून मिळून वसूल होतो. खटला लांबला तर हप्त्यावर घेतलेली गाडी ठाण्याच्या आवारात गंजते.

गोशाळेला याच नियमांची दुसरी बाजूही बघावी लागते. पोलिसांनी पकडून न्यायालयाच्या आदेशाने ठेवलेलं जनावर हे गोशाळेचं नसतं, तो मुद्देमाल असतो. चारा संपला म्हणून ते दुसरीकडे पाठवलं आणि उद्या न्यायालयाने हजर करायला सांगितलं तर विश्वस्तांच्या गळ्याशी येतं. अशी जनावरं हलवायची असतील तर आधी न्यायालयात अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी आणि टॅग क्रमांकासह पोलीस ठाण्याला कळवावं. त्यासाठी रजिस्टरमध्ये मुद्देमालाची जनावरं पहिल्या दिवसापासून वेगळ्या पानावर लिहिलेली बरी.

पोचल्यावर जनावरं एकेक करून उतरवून टॅग क्रमांक यादीशी ताडून घ्यावेत आणि घेणाऱ्या गोशाळेची सही-शिक्का असलेली पोच परत आणावी. नवी जनावरं तीन-चार आठवडे जुन्या दावणीपासून लांब बांधावीत, पाण्याचा हौदही वेगळा ठेवावा, कारण लम्पीची लक्षणं दिसायला चार आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. टॅगवरची मालकाची नोंद दवाखान्यात जाऊन त्याच आठवड्यात बदलून घ्यावी, नाहीतर जनावर एका गोशाळेत आणि त्याचा कागद दुसरीत राहतो.