लहान घरासाठी लहान स्पीकर : निवडीचे निकष

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला असलेल्या गोखिवरे परिसरात औद्योगिक गाळे आणि निवासी इमारती शेजारी-शेजारी उभ्या आहेत. तेथील, किंवा मुंबईच्या कोणत्याही उपनगरातील सदनिकेत संगीत ऐकण्यासाठी मिळते ती बहुधा दहा बाय बारा फुटांची बैठकीची खोली. या खोलीसाठी 'बुकशेल्फ' प्रकारातील, म्हणजे फूट-सव्वा फूट उंचीच्या स्पीकरची जोडी घ्यायची, तर तुलना कशाच्या आधारे करावी?

दुकानात प्रथम दाखवला जातो तो वॅटचा आकडा. त्यातही 'पीएमपीओ' म्हणून छापलेल्या हजारोंच्या आकड्याला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. विचारात घ्यायची ती 'आरएमएस' शक्ती. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे स्पीकरची संवेदनक्षमता. एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हे ती सांगते. ती तीन डेसिबलने कमी असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट लागते. ८९ आणि ८३ डेसिबलच्या दोन स्पीकरमध्ये हा फरक चौपट होतो. मात्र ८५ डेसिबलची साधी जोडीही एका वॅटमध्ये घरगुती श्रवणाला पुरेसा आवाज देते. तबल्याच्या जोरकस आघातांसाठी राखीव शक्ती धरली, तरी २५-३० खरे वॅट या खोलीला पुष्कळ झाले.

दुसरा निकष खर्जाचा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातील खर्जाच्या तारेची मूळ कंप्रता सुमारे ६९ हर्ट्झ असते. म्हणजे ६० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा लहान स्पीकर शास्त्रीय गायनाला पुरतो. पाइप ऑर्गन किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्यांना मात्र त्याखालचे स्वर कमी पडतील.

येथे खोलीचे गणितही लहान स्पीकरच्या बाजूने आहे. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनिलहरी घुमतात. दहा फुटांच्या अंतरात सुमारे ५६ हर्ट्झला, तर बारा फुटांत सुमारे ४७ हर्ट्झला. मोठा स्पीकर नेमका हाच भाग जोरात वाजवतो. परिणामी खर्ज खोल होण्याऐवजी गढूळ होतो आणि डग्ग्याची मींड अस्पष्ट ऐकू येते.

तिसरा निकष पेटीच्या रचनेचा. एडगर विल्चर यांच्या अमेरिकेतील अकूस्टिक रिसर्च कंपनीने १९५४ मध्ये पूर्ण बंद पेटीचा 'एआर-१' आणला आणि कपाटाएवढ्या पेटीशिवाय खर्ज मिळत नाही, हा समज मोडीत काढला. बीबीसीने १९७० च्या दशकात ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांमधील अपुऱ्या जागेसाठी विकसित केलेला, जेमतेम फूटभर उंचीचा 'एलएस ३/५ए' हाही बंद पेटीचाच. मानवी आवाजाच्या नैसर्गिकतेसाठी तो आजही वाखाणला जातो. मात्र त्याची संवेदनक्षमता कमी आहे. छिद्र ठेवलेल्या पेटीतून खर्ज अधिक मिळतो, पण मर्यादेखाली तो दर सप्तकामागे सुमारे २४ डेसिबलने ढासळतो. बंद पेटीत ही उतरण १२ डेसिबलची असते. छिद्र मागील बाजूस असेल, तर भिंतीपासून अंतर सोडावे लागते. शोकेसच्या कप्प्यातच स्पीकर ठेवायचा असल्यास बंद पेटी किंवा पुढे छिद्र असलेली रचना सोयीची.

अ‍ॅम्प्लिफायर आधीपासून घरात असेल, तर त्याच्या मागील पट्टीवरील ओहमचा आकडा पाहावा. चार ओहमचा स्पीकर आठ ओहमच्या तुलनेत दुप्पट विद्युतप्रवाह ओढतो आणि प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर तो भार सोसतोच असे नाही. जुनी जोडी घेताना वूफरच्या कडेची पट्टी तपासावी. फोमची पट्टी कालांतराने भुसभुशीत होते आणि किनारपट्टीची दमट हवा तिला मानवत नाही. रबराची अधिक टिकते.

प्रत्यक्ष तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज सारख्या पातळीवर आणणे अत्यावश्यक आहे. किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच सरस भासतो. परिचयाचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे : त्यात तानपुरा, स्त्रीचा आवाज आणि डग्गा असावा. तानपुऱ्याच्या तारा वेगळ्या कळतात का, 'स' आणि 'श' टोचतात का, डग्ग्याचा नाद वेळेवर थांबतो का, हे ऐकावे. लॅमिंग्टन रोडवरील दुकान आणि घरातील खोली यांत फरक पडतो. त्यामुळे घरी ऐकून परत करण्याची मुभा मिळत असेल, तर ती अवश्य घ्यावी.

घरी ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा आणि दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. या मांडणीला काहीही खर्च येत नाही. महागडी जोडी कोपऱ्यात कोंबण्यापेक्षा मध्यम किमतीची जोडी योग्य जागी ठेवणे, हाच लहान घरातील उत्तम संगीताचा मार्ग आहे.